सामुराईला शेंडी लावू नका

प्रति,
मराठी उपशीर्षकं लिहिणाऱ्या आणि मंजूर करणाऱ्या मंडळींस,

सा. न. वि. वि.

तुमच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. ही खोड तुमच्या एकट्याची नाही, आणि माझं भांडण नावाशी नाहीच, एका शब्दाशी आहे. पत्र उघड लिहितोय, कारण खासगीत पाठवलेल्या दोन मेलना तुमच्याकडून जे उत्तर आलं ते काही केल्या घशाखाली उतरेना.

मागच्या महिन्यात तुमच्या ॲपवर एक जपानी ऐतिहासिक मालिका मराठी उपशीर्षकांसह आली. मी हौसेने आबांना शेजारी घेऊन बसलो. आबा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांनी चाळीस वर्षं हजामती केल्या, आधी पारावर धोकटी उघडून, मग एसटी स्टँडसमोरच्या टपरीत. पहिल्याच भागात एक म्हातारा सामुराई मुलाला दरडावतो आणि खाली अक्षरं उमटतात, ‘घराण्याची शेंडी सांभाळ.’ आबा चष्मा सारखा करून पुढे सरकले.

“शेंडी ठेवायची तीच जागा भादरलीया की रं त्यानं. मग शेंडी कसली म्हनायची?”

जपानीचं एक अक्षर न येणाऱ्या माणसाला जे अर्ध्या मिनिटात दिसलं, ते तुमच्या नऊ भागांत कुणालाच दिसलं नाही.

सातव्या भागात तर कळस झाला. नायक आरशासमोर बसतो, डोळे मिटतो, कात्री चालते आणि खाली येतं, ‘त्याने आपला जादूगार कापून टाकला.’ आमच्या घरात हशा पिकला, पण मला कोडं पडलं. ते रात्री सुटलं. केसांच्या त्या गाठीला जपानीत ‘मागे’ म्हणतात. इंग्रजी उपशीर्षकात तो शब्द रोमन अक्षरांत तसाच ठेवला असणार. त्या स्पेलिंगचा इंग्रजीत एक शब्द आहे, अर्थ जादूगार. म्हणजे तुमचं मराठी भाषांतर जपानीवरून झालेलंच नाही, इंग्रजीवरून झालंय, आणि तेही यंत्राने. दुसऱ्या भागातली ‘वरची गाठ’ आणि पाचव्यातलं ‘चॉनमेज’ कुठून आलं तेही मग कळलं. ते चोनमागे आहे हो. त्यात मेज नाही, खुर्ची नाही.

मी मेल केला. उत्तर आलं की ‘जादूगार’ दुरुस्त केला जाईल, पण ‘शेंडी’ राहील, कारण स्थानिक प्रेक्षकाला चटकन समजेल असा शब्द वापरायचं कंपनीचं धोरण आहे. स्थानिक प्रेक्षक म्हणजे कोण? आमच्या सोफ्यावर एक बसला होता. त्याला समजलं नव्हतं.

माझा यात काय संबंध, असं विचाराल. एकोणीस वर्षं मी पुण्यात जपानी शिकवतो. पूर्वी इंजिनिअर यायचे, कंपनी पाठवायची म्हणून. आता निम्मी मुलं पडद्यावर काहीतरी बघून येतात आणि मला त्याचा आनंदच आहे. पण परवाच्या चाचणीत ‘चोनमागे’ या शब्दापुढे चौदापैकी नऊ जणांनी ‘शेंडी’ लिहिलं. मी लाल रेघ मारली तेव्हा एका मुलीने फोन काढून तुमचा पहिला भाग दाखवला. “सर, इथे तर असंच आहे.” पडद्यावर छापून आलेल्या अक्षरांपुढे मास्तरची रेघ टिकत नाही.

तर आता तक्रारी, एकेक करून.

पहिली अर्थातच शेंडीची. शेंडीत बाकी डोई करून टाळूमागचा एक झुपका राखतात. सामुराईचा प्रकार नेमका उलटा. कपाळापासून टाळूपर्यंतचा पट्टा साफ भादरायचा. या भादरलेल्या भागाला साकायाकी म्हणतात. कानांवरचे आणि मागचे केस लांब वाढवायचे, त्यांना बिन्त्सुके नावाचं मेणासारखं घट्ट सुवासिक तेल चोपडायचं, मागे ओढून पिळलेल्या कागदाच्या दोरीने, म्हणजे मोतोयुईने, आवळून बांधायचे, आणि ती शेपटी दुमडून पुन्हा पुढे, भादरलेल्या टाळूवर आणून टेकवायची. हे मी आबांना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, “रोजच्या रोज वस्तरा?” हो, नीटनेटकं राहायचं तर जवळजवळ रोजच्या रोज. आणि वस्तरा सर्रास वापरात येण्याआधी, लढायांच्या धामधुमीत, हे केस चिमट्याने उपटत. ते ऐकून आबांनी आपल्याच डोक्यावरून हात फिरवला.

हे भादरणं आलं कुठून? आधीच्या काळात दरबारी माणूस आणि योद्धा दोघेही केस वर बांधून त्यावर एबोशी नावाची काळी टोपी घालत, आणि चारचौघांत उघड्या डोक्याने दिसणं म्हणजे अब्रू जाणं. साकायाकीचा उल्लेख बाराव्या शतकातल्या एका दरबारी सरदाराच्या रोजनिशीत सापडतो, आणि तोही कौतुकाचा नाही. दुसऱ्या एका सरदाराची साकायाकी अगदीच ओंगळ दिसत होती, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे युद्धं लांबत गेली. शिरस्त्राणाखाली डोकं तापायचं, म्हणून वरचा भाग भादरून वाट मोकळी करायची पद्धत पडली, असं सर्वसाधारण मत आहे. गंमत अशी की 1600 नंतर तोकुगावा या लष्करी राज्यकर्त्या घराण्याच्या अमलात अडीच शतकं शांतता नांदली, शिरस्त्राणं पेटाऱ्यात गेली, आणि भादरलेलं डोकं तेवढं राहिलं. नुसतं राहिलं नाही, शेतकरी, व्यापारी, सुतार, कोळी सगळ्यांच्या डोक्यावर पसरलं. त्यामुळे ‘सामुराईची केशरचना’ हा तुमच्या जाहिरातीतला शब्दप्रयोगही अर्धाच खरा आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ‘चोनमागे’ हा शब्दही काटेकोर नाही. जपानी लिपीत अक्षर पुन्हा वाचायची एक छोटी वाकडी खूण असते. केस विरळ झालेल्या म्हाताऱ्याची इवलीशी गाठ त्या खुणेसारखी दिसायची, म्हणून ती चोनमागे, असं सांगतात. पुढे तो शब्द सरसकट सगळ्यांनाच लागला. नुसतं ‘मागे’ लिहावं तर मराठीत पंचाईत. ‘त्याने मागे कापला’ वाचून माणूस पाठीमागे बघेल. म्हणून ‘चोनमागे’ चालवून घ्या, माझी हरकत नाही. पण शेंडी नको. शेंडीला आपल्याकडे धर्म चिकटलाय, जात चिकटलीय, ठेवावी की कापावी यावरून घराघरांत झालेली भांडणं चिकटलीत. जपानी योद्ध्याची गाठ ही देवाधर्माची खूण नव्हती. तिकडे धर्मासाठी घर सोडणारा माणूस सगळंच डोकं भादरतो.

आणि प्रकार किती! सोळाव्या शतकातला बलाढ्य सरदार ओदा नोबुनागा पोरवयात आपले केस ‘चासेन’ पद्धतीने, म्हणजे चहा घुसळायच्या बांबूच्या कुंच्यासारखे ताठ उभे बांधायचा. बापाच्या अंत्यविधीला तो तसाच आला आणि मुठीने धूप उचलून वेदीवर भिरकावला, असं त्याच्याच पदरच्या माणसाने लिहिलेल्या चरित्रात आहे. त्या प्रसंगाच्या वर्णनात केसांचा उल्लेख उगाच आलेला नाही. आता यालाही तुम्ही शेंडीच म्हणणार का?

दुसरी तक्रार माझ्या मते सगळ्यात गंभीर आहे, कारण इथे तुम्ही कथाच मारलीत. तिसऱ्या भागात एक अनोळखी तलवारबाज सरायीत शिरतो. सरायवाली त्याच्या डोक्याकडे बघते आणि म्हणते की साकायाकी बरीच वाढलीय. तुमचं उपशीर्षक, ‘तुमचे केस वाढलेत.’ जणू मावशी भाच्याला सलूनमध्ये जा म्हणतेय! साकायाकी वाढू देणारा सामुराई म्हणजे एकतर आजारी, किंवा सुतकात, किंवा घरात कोंडून ठेवण्याची शिक्षा भोगणारा, किंवा धनी सुटलेला रोनिन. सरायवाली त्या एका वाक्यात त्याला ओळखल्याचं सांगते आणि तो पाणी न पिता उठून जातो. मराठीत तो का उठला ते कुणालाच कळत नाही. काबुकी नाटकात तर यासाठी वेगळा टोप असतो, नाव ‘ह्याकुनिची’, म्हणजे शंभर दिवस. शंभर दिवस वस्तरा न लागलेलं डोकं. तो टोप घालून कुणी रंगमंचावर आलं की तो दरोडेखोर किंवा कैदी आहे हे पहिल्या संवादाआधीच प्रेक्षकाला कळतं.

मुंजीबद्दल मात्र मी तुमच्याशी अर्धा सहमत आहे. मुलगा वयात आल्याच्या विधीला, म्हणजे ‘गेन्पुकु’ला, तुम्ही ‘मुंज’ म्हटलंत. पोराच्या डोक्यावर वस्तरा फिरतो आणि त्याची जागा बदलते, इथवर ठीक. पण गेन्पुकुनंतर मुलगा शिकायला जात नाही, तो मोठा झालेला असतो. नाव बदलतं, कपाळावरची झुलपं जातात. त्या झुलपांचं वजन सांगतो. कोवळ्या पोरांनी केलेल्या काबुकीवर 1652 मध्ये बंदी आली. खेळ पुन्हा सुरू करायला परवानगी मिळाली ती नटांनी कपाळावरचे केस भादरायचे या अटीवर. मग स्त्रीभूमिका करणारे नट त्या उघड्या कपाळावर जांभळ्या रेशमी कापडाचा तुकडा बांधू लागले. सरकारने एक मूठ केस काढायला लावले आणि नटांनी त्यातून नवी शोभा काढली. असो, मुंज शब्द ठेवायचा तर ठेवा, पण ‘गेन्पुकु’ हे नाव निदान एकदा तरी येऊ द्या.

पुढची तक्रार आबांची आहे, मी फक्त लेखनिक. चौथ्या भागात डोक्यावर वस्तरा चालवणारा जो बोलका माणूस आहे, त्याला जपानीत कामियुई म्हणतात. तुम्ही त्याला ‘हेअरस्टायलिस्ट’ केलंत. “न्हावी म्हनायला लाज वाटली व्हय?” हा आबांचा प्रश्न जसाच्या तसा पोचवतो. एदोत, म्हणजे आताच्या टोक्योत, कामियुईचं दुकान हा गप्पांचा अड्डा होता. शिवाय हातात पेटी घेऊन दारोदार फिरणारे कामियुईही होते. त्यांच्या पेटीत पाण्याचं भांडं, वस्तरे, कंगवे, तेल, कागदी दोऱ्या. पेटीचं चित्र दाखवल्यावर आबा म्हणाले, “ही तर धोकटीच.” आणि या लोकांवर शहराची एक जबाबदारी होती. आग लागली की त्यांनी कोतवालाच्या कचेरीकडे धाव घ्यायची आणि सरकारी कागदपत्रं बाहेर काढायची. लाकडी घरांच्या त्या शहरात आगी सारख्या लागत. चौथ्या भागात घंटा वाजते आणि तो माणूस गिऱ्हाइकाचं अर्धं डोकं तसंच सोडून पळतो, त्याचं कारण हे आहे. तुमच्या उपशीर्षकात तो ‘घाबरून पळाला’.

त्याच भागात चोराला शिपाई कसा ओळखू येतो, तेही तुम्ही गाळलंत. एदोचे हे शिपाई सामुराईच, पण वावर सगळा शहरी लोकांत. म्हणून त्यांची गाठ ना धड सामुराईसारखी ताठ, ना धड व्यापाऱ्यासारखी, मधलीच असायची. ‘को-इच्यो’, म्हणजे गिंको नावाच्या झाडाचं छोटं पान, असं तिचं नाव. चोर गर्दीत नुसती डोकी बघतो आणि सटकतो. जपानीत हे त्याच्या तोंडी एका वाक्यात आलंय. मराठीत ते वाक्यच नाही.

आता चौथी की पाचवी, मोजदाद चुकली, पण ही तारखेची आहे. सहाव्या भागाच्या सुरुवातीला तुम्ही पट्टी टाकलीत, ‘1871 : सम्राटाने शेंडीवर बंदी घातली.’ त्या वर्षीच्या सप्टेंबरमधल्या हुकमाचा आशय असा की केस कापणं आणि तलवार न बाळगणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे. मर्जीवर! बंदीचा शब्द त्यात नाही. सक्तीचा वरवंटा नंतर ठिकठिकाणच्या उत्साही अधिकाऱ्यांनी फिरवला, आणि तलवारीवरची खरी बंदी 1876 मध्ये आली. नायक सहाव्या भागात केस कापत नाही, सातव्यात कापतो, आणि दोहोंच्या मधला सगळा तडफडाट याच ‘मर्जी’मुळे आहे. कुणी जबरदस्ती केली असती तर तो सुटला असता. तुम्ही त्याला बंदी घालून मोकळं केलंत.

त्या दोन-तीन वर्षांत काय काय झालं बघा. इवाकुरा तोमोमी सरकारचा सर्वोच्च दूत म्हणून अमेरिकेला गेला. 1872 च्या जानेवारीतला सॅन फ्रान्सिस्कोचा फोटो आहे. बाजूचे चौघे कातरलेल्या केसांचे, सुटाबुटातले, आणि मधोमध इवाकुरा, अंगात किमोनो, पायात चामड्याचे बूट आणि डोक्यावर जुनी गाठ. तिथे शिकत असलेल्या त्याच्या मुलांनी समजूत काढल्यावर पुढे शिकागोत त्याने ती कापली. खुद्द सम्राटाने केस कापले ते 1873 च्या मार्चमध्ये, हुकमानंतर दीड वर्षाने. दरम्यान काही बायकांनीही केस आखूड केले, तर 1872 मध्ये टोक्योत त्यांना मनाई झाली. सुधारणा पुरुषांच्या डोक्यापुरतीच! तेव्हा एक कवन लोकांच्या तोंडी होतं. कातरलेल्या डोक्यावर टकटक केली तर नव्या सुधारणेचा नाद येतो, सगळे केस राखलेल्या डोक्यातून राजाची सत्ता परतल्याचा, आणि अर्ध्या भादरलेल्या डोक्यातून नुसता जुनाट चालढकलीचा. तुमच्या मालिकेत दोन पोरं गल्लीत म्हाताऱ्याला हेच म्हणून चिडवतात. तुमच्याकडे लिहिलंय, ‘मुलं गाणं गातात.’

पोस्टरबद्दल थोडक्यात. हिमेजीच्या किल्ल्यासमोर उभा असलेला तुमचा सामुराई कानांवर मशीन मारलेला आणि वर बुचडा बांधलेला आहे. असा तरुण कोरेगाव पार्कात रोज दिसतो. एदोत दिसला नसता. मूळ जपानी पोस्टर चांगलं असताना हे इकडे नव्याने का बनवलं, कोण जाणे.

‘एवढ्याशा केसांचं काय घेऊन बसलात’ असं तुमच्या दुसऱ्या मेलमध्ये जवळजवळ याच शब्दांत होतं. काही वर्षांपूर्वी मी टोक्योत र्योगोकुला एका सुमो पैलवानाचा निवृत्तीचा समारंभ पाहिला. सुमोतले पैलवान आजही गाठ बांधतात. साकायाकी नसते, फार तर टाळूवरचे केस आतून विरळ करतात, म्हणजे गाठ नीट बसते. वरच्या दोन विभागांतल्यांना स्पर्धेच्या दिवशी गिंकोच्या पानासारखी पसरट ‘ओइच्यो’ बांधायचा मान असतो, खालच्यांना साधी. ती बांधणारे तोकोयामा हे सुमो संघटनेचे पगारी नोकर, पन्नासेक जण, प्रत्येकाचं धंद्यातलं नाव ‘तोको’ने सुरू होणारं. त्या दिवशी तो अवाढव्य माणूस आखाड्याच्या मधोमध खुर्चीवर बसला होता. एकामागून एक शेकडो माणसं आली. प्रत्येकाने सोनेरी कात्रीने चार केस कापले, खांद्यावर हात ठेवला आणि उतरले. तासाहून जास्त वेळ हे चाललं होतं. बायकांना त्या आखाड्यावर पाऊल ठेवता येत नाही, म्हणून त्याची आई खालीच बसून होती. हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. शेवटची कात्री वस्तादाची. गाठ सुटी झाली आणि इतका वेळ दगडासारखा बसलेला तो माणूस हुंदके देऊन रडला. माझ्या शेजारचे आजोबाही रडत होते. तिथे कुणीही ‘एवढेसे केस’ म्हणालं नाही.

मागण्या साध्या आहेत.

जपानी मालिकेचं मराठी जपानीवरूनच करा. पुण्यामुंबईत ते करू शकणारी माणसं आहेत. यंत्राचा मसुदा घ्यायचा तर घ्या, पण नंतर जपानी येणाऱ्या माणसाने तो मूळ संवाद ऐकत तपासला पाहिजे, आणि त्याचं नाव शेवटी पडद्यावर आलं पाहिजे, म्हणजे चुकल्यास आम्ही त्यालाही पत्र लिहू. त्याला पोट भरेल असा मोबदला द्या.

‘शेंडी’ नऊही भागांतून काढा. चोनमागे, साकायाकी, रोनिन, गेन्पुकु हे शब्द तसेच ठेवा. मराठी वाचकाने सुशी, कराटे आणि त्सुनामी पचवलेत, हेही पचवेल. पहिल्यांदा शब्द येईल तिथे चार शब्दांचा खुलासा पुरे. केस बांधणाऱ्याला कामियुई म्हणा नाहीतर न्हावी म्हणा, हेअरस्टायलिस्ट नको.

तिसऱ्या भागातलं सरायवालीचं वाक्य आणि चौथ्या भागातलं चोराचं वाक्य दुरुस्त करा. सहाव्यातली बंदीची पट्टी बदला. ‘केस कापणे ऐच्छिक’ एवढंही चालेल. आणि पोस्टर उतरवा.

यासाठी लागणारी शब्दांची यादी मी आणि माझे विद्यार्थी फुकट करून देऊ, तीन आठवड्यांत. ज्या नऊ जणांनी चाचणीत शेंडी लिहिली, तेच करतील. मी ती शिक्षा म्हणून त्यांना आधीच दिलीय.

आबा अजून मालिका बघतात. आठव्या भागापासून त्यांनी टीव्हीच्या खालच्या कडेवर एक पंचा टाकलाय, अक्षरं दिसू नयेत म्हणून. हात दिसतात, वस्तरा दिसतो, तेवढं पुरे म्हणतात. तुमचं उत्तर आलं की त्यांना वाचून दाखवीन.

आपला,
एक जपानी शिकवणारा न्हाव्याचा मुलगा
पुणे